चौथा जंतू

"मग देऊ की नको, मॅडम?"

डॉ. अन्वय रणपिसेने पुन्हा तेच विचारलं.

शेवडेबाई सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या होत्या. कोणाच्या रक्तात कोणता जंतू वाढला हे शोधण्यात त्यांची उभी नोकरी गेली होती. अन्वय त्यांचा जुना विद्यार्थी, आता याच रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात डॉक्टर. हुशार होता. आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

"कोणाला?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

"सगळ्यांना. दाखल होणाऱ्या प्रत्येक बाळाला, पहिल्या दिवसापासून. राखीव औषध, बाकी सगळी हरली की तुमच्या सहीने काढायचं ते."

"आजारी कोण आहे?"

"शेवंताचं बाळ."

त्या विभागात बाळांना अजून नावं नसतात. आईच्या नावानेच ती ओळखली जातात.

"त्याला द्यायला मी कधी नाही म्हटलं?"

"त्याला दिलं, मॅडम. आत्ताच देऊन आलो. पण शेजारच्या पाळण्यात हसीनाचं बाळ आहे. तळहाताएवढं. आज ठणठणीत आहे... उद्या? त्याच्याही रक्तात जंतू सापडेपर्यंत मी वाट बघत बसू?"

बाईंनी सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी बदलली.

"हसीना दाराशीच बसलेली असते. मी दिसलो की उठून उभी राहते. तिला काय सांगू? कपाटात औषध आहे, पण मॅडम सही करत नाहीत?"

"बस."

"बसायला वेळ नाही."

"मग उभ्याने ऐक."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. सावकाश. अन्वयला तो सावकाशपणा सहन होईना.

"मी इथे लागले, तेव्हा बाळाच्या रक्तात घरचा जंतू सापडायचा. नाळ घरीच, असेल त्या ब्लेडने कापलेली. जंतू बाळाबरोबर दारातून आत यायचा. आम्ही औषध दिलं. तो गेला."

"बरं झालं."

"दुसरा आला. त्याला ते औषध लागू पडेना. भारीतलं दिलं. तोही गेला."

"आणि आता हा तिसरा. ठाऊक आहे, मॅडम."

"हा कोणाच्या घरून येत नाही. इथेच राहतो. बाळ यायच्या आधीपासून वाट बघत असतो."

"म्हणून तर म्हणतोय, राखीव औषध सगळ्यांना सुरू करू!"

"मग चौथा येईल."

"चौथा कोणता?"

"मला काय विचारतोस? बोलावणं तू धाडतोयस."

अन्वयचा चेहरा लाल झाला.

"तुम्हाला इथे बसून जंतूंची वंशावळ दिसते, मॅडम. मला तिथे बाळं दिसतात. सिस्टर एकटी आहे. म्हणून मी स्वतः एका पाळण्याकडून दुसऱ्याकडे पळतोय. सलाइन मी बदलतो, नळ्या मी बघतो. आत्तासुद्धा शेवंताच्या बाळाला औषध दिलं, तसाच वळलो, हसीनाच्या बाळाची सलाइन बदलली आणि धावत इथे आलो."

"दिसतंय. घामाघूम झालायस."

"चेष्टा नका करू."

"नाही करत. चांगला पळतोस तू..."

बाई उठल्या. फ्रिज उघडून त्यांनी काचेची एक चपटी, गोल प्लेट काढली आणि टेबलावर ठेवली. आत लाल, थलथलीत थर. त्यावर आज जे टेकेल ते उद्या वाढून डोळ्यांना दिसतं.

त्यांनी झाकण काढलं.

"बोटं टेकव. पाचही."

"आत्ता?"

"का, घाबरलास?"

अन्वय एवढ्या वेळात पहिल्यांदा हसला. "घाबरतोय कशाला!"

तो कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेला. बाह्या कोपरापर्यंत सारल्या. साबण उचलला, नळ सोडला.

"तिकडे कुठे?"

"हात धुतो ना. तुम्ही उद्या ही प्लेट सगळ्या वर्गाला दाखवणार. मी काय ओळखत नाही तुम्हाला?"

"प्लेटसाठी धुतोस?"

"म्हणजे काय, प्लेटवर सगळं..."

तो थांबला.

नळ वाहत राहिला.

बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं. त्याचं एक चाक कुरकुरत होतं, ते लांबपर्यंत ऐकू आलं.

"धुतले होते, मॅडम," अन्वय हळूच म्हणाला. "विभागात शिरताना... दारात."

"आणि दोन पाळण्यांच्या मध्ये?"

बाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्या परत खुर्चीत बसल्या आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

अन्वयने साबण जागेवर ठेवला. नळ बंद केला. हात अजून कोरडेच होते. त्याने ते उलटेसुलटे करून पाहिले. स्वच्छ दिसत होते.

मग तो टेबलाशी आला. आणि त्याच हाताची पाचही बोटं त्याने लाल थरावर अलगद टेकवली, झोपलेल्या बाळाला लावावीत तशी.

झाकण बसवलं. प्लेट उलटी केली. काचेवर लिहायचं पेन घेतलं. नावाशिवाय एकही प्लेट ठेवायची नाही, ही बाईंचीच शिस्त.

"सही..." बाई म्हणाल्या, "अजून हवी आहे?"

त्याने मान हलवली. नको.

पेन काचेवर टेकवून तो थांबला.

"नाव माझंच टाकू ना, मॅडम?"

"हसीनाच्या बाळाचं टाक."