म्हाळसेची उभी गाडी

ही गोष्ट फार लहानपणी ऐकलेली. गावाचे नाव तांबुळणी होते की तांबुळवाडी, हे आता खात्रीने सांगता येत नाही. चुकीचे नाव सांगण्यापेक्षा ते सोडून देऊ. त्या गावात नदीकाठी रंगाऱ्यांची आळी होती, एवढे मात्र नक्की.

आळीत प्रत्येक घराचा निळीचा एक हौद होता. हौदाकाठची फरशी सदा ओली. वाकताना पाय घसरू नये म्हणून प्रत्येक हौदावर तुळईला एक जाड दोर टांगलेला असे. एका हाताने दोर धरायचा, दुसऱ्या हाताने कापड बुडवायचे, अशी रीत होती.

आळीची एक जुनी चालही होती. पाडव्याच्या सकाळी घरच्या धन्याने पंचांसमोर आपल्या हौदाशी उभे राहायचे आणि वर्षाचे पहिले कापड बाहेर काढायचे. निळीतून कापड निघते ते हिरवे. वारा लागला की हळूहळू निळे होते. ते निळे होईपर्यंत धन्याने उभेच राहायचे. ज्याला हे जमणार नाही, त्याचा हौद पंच दुसऱ्याला देत.

त्या आळीत म्हाळसा नावाची रंगारीण राहत असे. बापाची एकुलती लेक. बापामागे तिने हौद चालवला, आणि असा चालवला की तिची निळी चिरडी, म्हणजे लहान लुगडी, घ्यायला घाटाखालून गिऱ्हाईक येई. एकदा कापडे वाळत घालायच्या माचावरून ती पडली. जीव वाचला, पण कमरेखालचे अंग लुळे झाले.

आळीचे चौधरी दाजीशेट समाचाराला आले. खाटेशेजारी बसून म्हणाले, "म्हाळसे, आळी काही निर्दय नाही. तू आता घरी बैस. हौद माझा पुतण्या बघेल. दोन वेळचं ताट तुझ्या दारात येत जाईल."

"ताट मला उचलता येतं, दाजीशेट," म्हाळसा म्हणाली. "मला हौदाशी जायचंय."

"देवानं बसवलं, तिथं बसावं गं."

"देवानं मला पाडलं. बसवताय तुम्ही."

दाजीशेट उठून गेले. म्हाळसेने केरबा सुताराला बोलावणे धाडले. कमरेपर्यंत येणारी चौकट, पाठीला फळी, गुडघ्यांना आणि कमरेला चामड्याच्या वाद्या, दोन्ही बाजूंना हाताने फिरवता येतील अशी छकड्याची चाके, असे सगळे तिने त्याला समजावून सांगितले.

केरबाने डोके खाजवले. "म्हाळसाबाई, नांगर म्हणा, पाळणा म्हणा, करून देतो. उभ्या माणसाची गाडी आजवर कुणी केली नाही."

"कुणी मागितली नव्हती. मी मागतेय."

गाडी झाली. पहिल्याच दिवशी म्हाळसा हौदाशी गेली, वाकली, आणि ओल्या फरशीवरून चाके सरकली. ती गाडीसकट पुढे कोसळली. हनुवटी निळीत बुडाली, आणि तो रंग काही केल्या जाईना. पाणवठ्यावर बाया हसू लागल्या. "म्हाळसे, हनुवटीला हे काय गं?"

"नीळ आहे. मी हौदाशी गेले होते, याची खूण."

पण घरी आल्यावर तिला धडकी भरली. पाडव्याला चाके अशीच सरकली तर? मग हौद जाईल, आणि उरेल ते ताट. तिने केरबाला पुन्हा बोलावले. हौदापुढच्या फरशीत छिन्नीने दोन खाचा पाडून घेतल्या. चाके खाचांत बसली की हलेनात.

पाडवा आला. पंच एकेका हौदाशी थांबत पुढे सरकत होते. सारी आळी मागून चालत होती. मग म्हाळसेचा हौद आला. तिने गाडी लोटत आणली, चाके खाचांत बसवली, वाकून कापड बुडवले आणि पिळून दोन्ही हातांनी वर धरले. कापड हिरवेगार होते.

दाजीशेट हसले. "ही उभी कुठाय? लाकडानं धरलीय हिला. वाद्या सोडा, मग बघू कोण उभं राहतं ते!"

लोकही हसले. म्हाळसेने कापड खाली घेतले नाही.

"सोडते," ती म्हणाली. "आधी तुम्ही तुमच्या हौदाचा दोर सोडा आणि वाका."

"दोराची गोष्ट वेगळी. तो आम्ही सगळेच धरतो."

"सगळे धरतात म्हणून तो आधार नाही होय? दोर तुमच्या हातात, वाद्या माझ्या कमरेला. आणखी काय वेगळं आहे, सांगा."

दाजीशेटांना राग आला. त्यांचा हौद शेजारीच होता. ते ताडताड गेले, काठावर उभे राहिले आणि दोर सोडून वाकले. जरासेच वाकले. पाय सरकू लागला आणि हात आपोआप दोराला जाऊन चिकटला. लोक पुन्हा हसले. या खेपेला म्हाळसेला नव्हे.

"चौधरी," म्हाळसा म्हणाली, "कापड निळं झालं."

सगळ्यांनी वळून पाहिले. खरेच झाले होते.

दाजीशेट दोर धरूनच म्हणाले, "बरं, बरं. दया म्हणून हौद तुझ्याकडे राहू देऊ."

मागून एक म्हातारी पुटपुटली, "घे गं बाई, मिळतंय तर." म्हाळसेचे दंड आता भरून आले होते. हो म्हटले असते तर कापड खाली ठेवता आले असते.

"दया नको," ती म्हणाली. "दयेची लहर पुढच्या पाडव्याला फिरेल. मी चालीप्रमाणे उभी राहिले. हौद चालीप्रमाणे माझा, असं म्हणा. म्हणेपर्यंत कापड असंच धरून ठेवते."

पंच एकमेकांकडे पाहू लागले. कापडाचे पाणी तिच्या कोपरांवरून ठिबकत होते. शेवटी दाजीशेट म्हणाले, "चालीप्रमाणे हौद म्हाळसेचा." तेव्हा कुठे तिने कापड खाली घेतले.

फरशीतल्या खाचांची गोष्ट मागाहून कुणी तरी जोडली असावी, अशी शंका पुष्कळ वर्षे मनात होती. पुढे त्या आळीत जाणे झाले, गावाचे नाव विचारायचे मात्र तेव्हाही राहून गेले. खाचा आहेत. त्या हौदाशी दोन्ही पाय धड असलेला एक रंगारी काम करत होता. एका हातात दोर, आणि टाचा दोन्ही खाचांत रोवलेल्या.

तात्पर्य: आधारावाचून कोणीच उभे नसते, म्हणून दुसऱ्याच्या आधाराला हसू नये, आणि जे हक्काचे आहे, ते दया म्हणून कधीही घेऊ नये.