मादलेनाची काथवट

बातमी आली त्या दिवशी मादलेना सफरचंदाच्या चकत्या दोऱ्यात ओवत होती, असे सांगतात. हिवाळ्यासाठी फळे वाळवून ठेवायचे दिवस. ऊन बरे पडले होते, गाईची धार काढून झाली होती आणि अंगणातल्या बाकावर सुरी, टोपली आणि अर्धी ओवलेली माळ होती. रोटमॅटची माणसे ही गोष्ट नेहमी इथूनच सुरू करतात.

रोटमॅट म्हणजे स्वित्झर्लंडच्या डोंगरातली लहानशी वस्ती. पाहुणे येतात ते तिथल्या एका जुन्या गोठ्याचा माळा पाहायला. माळ्यावर पाहण्यासारखे तसे काही नाही. क्रूस नाही, वेदी नाही, चित्र नाही. भिंतीला लागून बाके आहेत आणि मधोमध पावाचे पीठ मळायची एक लांबट लाकडी काथवट. तिचे काठ हात लागून लागून गुळगुळीत झाले आहेत. प्रभुभोजनाच्या आधी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर मोडून वाटून खाण्याआधी, इथली मंडळी या काथवटीत एकमेकांचे पाय धुतात. ही चाल त्यांच्या पंथात इतरत्रही आहे. पण इतरत्र दोन्ही पाय धुतात. रोटमॅटला फक्त उजवा. डाव्या पायातला मोजा कोणी काढतसुद्धा नाही.

पाहुणे का म्हणून विचारतात. मग रेस आजोबा बाकावर टेकतात. ते जन्मभर चीज करत आले. आता त्यांच्याकडे माळ्याची किल्ली असते.

"बसा," ते म्हणतात. "उभ्याने ऐकायची गोष्ट नाही ही. आणि माझे गुडघेही आता ऐकत नाहीत."

त्या काळी या लोकांना सरकार पकडत असे. त्यांचा गुन्हा असा की तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा द्यायला ते नकार देत. मूल काय कबूल करणार, असे ते म्हणत. माणसाने मोठे व्हावे, समजून घ्यावे, स्वतः मागावे, मग पाणी घ्यावे. शिवाय ते हाती शस्त्र धरत नसत आणि कोणापुढेही शपथ घेत नसत. आपले हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही, त्याला वर देवाची साक्ष कशाला? फौजेला सैनिक हवा असतो आणि सरकारला शपथ. दोन्ही न देणाऱ्यांना कोण ठेवून घेणार? लोक त्यांना पुनर्बाप्तिस्मावाले म्हणून हिणवत. ते एकमेकांना नुसते भाऊ आणि बहीण म्हणत आणि या माळ्यावर पेंढ्याआड जमत.

त्यांना धरून देणारी माणसे सरकारने नेमली होती. या खोऱ्यात ते काम योस्टकडे होते. आडदांड नव्हता, उलट बोलायला मऊ होता, असे सांगतात. तो कधी कोणाच्या घराची झडती घेत नसे. त्याला त्याची गरजच पडत नसे. ही माणसे खोटे बोलत नाहीत हे त्याला पक्के ठाऊक होते. तो दारात उभा राही आणि फक्त विचारी.

त्या वर्षी वसंतात तो मादलेनाच्या दारात आला. ती विधवा होती. घरात ती आणि तिचा एकुलता मुलगा बेंडिक्ट. योस्टने टोपी काढली, ताक मागून घेतले, प्यायला, ओठ पुसले आणि म्हणाला, "बाई, मुलगा घरात आहे?"

दुसरी कोणी असती तर 'गेला डोंगरापलीकडे' म्हणाली असती. मादलेना गप्प उभी राहिली. योस्टही उभा राहिला. त्याला घाई नव्हती. 'नाही' येत नाही म्हणजे काय, ते तो जाणून होता.

बेंडिक्ट वर पेंढ्यात होता. त्याने खालचा प्रश्न ऐकला आणि त्यानंतरची शांतताही ऐकली. आईला फार वेळ तसे उभे राहायला लागू नये म्हणून तो आपणच शिडीवरून खाली आला, म्हणे.

शरदात बातमी आणली ती शेजारच्या बार्बलीने. बार्बली या पंथातली नव्हती. गावच्या चर्चमध्ये जाणारी, शहरच्या बाजारात लोणी विकणारी, तोंडाची फटकळ बाई. ती येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली, टोपलीतली एक चकती उचलून तोंडात टाकली आणि बाजारातल्या गिऱ्हाइकांना शिव्या घालायला लागली. मादलेना ओवत राहिली. बार्बलीच्या शिव्या संपल्या. मग ती म्हणाली, "मादलेना, ती सुरी खाली ठेव गं."

मादलेनाने सुरी खाली ठेवली.

बेंडिक्ट बुरुजातल्या कोठडीत तापाने गेला होता. त्याला सोडायला सरकारी माणसे तयार होती. अट एकच होती. हात वर करून शपथ घ्यायची की या खोऱ्यात पुन्हा पाय ठेवणार नाही. तो म्हणाला, येणार नाही असे सांगतो, पण शपथ घेणार नाही. त्यांना नुसते सांगणे नको होते.

"चार शब्द!" बार्बली रडत म्हणाली. "नुसता हात वर करून चार शब्द बोलायचे होते गं! मी तर रोज देवाची शपथ घेऊन शिळं लोणी ताजं म्हणून विकते. मला काय झालं? कोणी शिकवलं होतं त्याला असलं?"

शिकवले मादलेनानेच होते.

बार्बली गेल्यावर तिने सुरी पुन्हा उचलली आणि टोपलीतली सफरचंदे संपवली. चिरलेले फळ काळे पडते. त्याला बातमीचे काही नसते. त्यानंतरचे दिवस तिने असेच काढले. गाईला चारा, चुलीला लाकूड, पीठ, पाणी. रात्री झोप यायची, आणि झोप येते याचाच तिला राग यायचा. सरकारी माणसे येऊन दंडापोटी तिच्या घरातली भांडी उचलून घेऊन गेली. तांब्याचे मोठे पातेले गेले, धुण्याचे पिंप गेले. काथवट तेवढी राहिली, कारण तिच्यात तेव्हा मळलेले पीठ होते आणि ओले पीठ कोणाला घेऊन जायचे नव्हते.

मग बर्फ पडले. एका दुपारी वादळ उठले आणि त्या वादळात योस्ट खोऱ्यात अडकला. वरच्या खिंडीतून पळून जाणाऱ्या कोणा कुटुंबाच्या मागावर तो गेला होता. ती माणसे सुटली आणि हा ओढ्याच्या बर्फातून गुडघ्यापर्यंत आत गेला. कसाबसा निघून तो वस्तीवर आला. पहिले घर बार्बलीचे. त्याने दार ठोकले. बार्बलीने आतून ओरडून सांगितले, "घरात कोणी नाही!"

दुसऱ्या घरानेही दार उघडले नाही. खोऱ्यातल्या साध्या माणसांनाही त्याचा धंदा आवडत नव्हता. तेव्हा तो मादलेनाच्या दाराशी आला. मुद्दामच आला, असे रेस आजोबा सांगतात. ही माणसे काय करतात ते त्याला माहीत होते.

"बाई," तो म्हणाला, "आत घ्याल?"

मादलेना दारात उभी राहिली. वैरी भुकेला असेल तर त्याला खायला द्या, हे तिने बेंडिक्टला चुलीपुढे बसवून पाठ करून घेतले होते. त्या वेळी वैरी म्हणजे एक शब्द होता. आता त्याच्या दाढीत बर्फ होते आणि तो थरथरत होता.

"या," ती म्हणाली.

तिने त्याला चुलीजवळ बसवले. पाणी कोमट केले. ओतायला दुसरे भांडे नव्हते म्हणून काथवट पुढे ओढली आणि गुडघे टेकून त्याच्या उजव्या पायातला बूट काढला. मोजा कातडीला चिकटला होता. तो तिने भिजवून सोडवला. पाय पांढरा पडला होता, लाकडासारखा. बधिर पाय शेकायचा, एवढेच तिच्या मनात होते. पण तिचे हात माळ्यावरच्या सवयीने चालू लागले. टाचेपासून बोटांपर्यंत, ओंजळीने पाणी घालत. मंडळीत असे पाय धुतात ते ज्याच्याविषयी मनात राग उरलेला नाही त्याचे. बाया बायांचे धुतात, पुरुष पुरुषांचे. त्यामुळे बेंडिक्टचे पाय तिने माळ्यावर कधी धुतले नव्हते. धुतले ते तो लहान असताना, चिखलातून आला म्हणून ओरडत.

योस्ट खाली तिच्या हातांकडे पाहत होता. त्याच्या पायात जीव येत होता आणि ते दुखत असणार. तो म्हणाला, "बाई, तुम्ही मला माफ केलंत का?"

मादलेनाचे हात थांबले.

'हो' म्हणणे सोपे होते. म्हणायला हवे होते. म्हणायचे तिच्या मनातही होते, असे सांगतात; तिने तोंडही उघडले. पण तिने आत शोधले आणि तिला ते सापडले नाही. 'नाही'सुद्धा पुरते सापडले नाही. ती गप्प राहिली.

योस्टने वाट पाहिली. ही शांतता त्याने याआधी याच घराच्या दारात ऐकली होती. तिचा उपयोग कसा करायचा ते त्याला येत होते. आता ती त्याच्यासाठी होती.

"कळलं," तो म्हणाला.

मादलेना उठली. तिने फडके त्याच्याजवळ ठेवले. "पाणी आहे, फडकं आहे," एवढेच म्हणाली आणि गोठ्यात गाईकडे गेली. परत आली तेव्हा उजवा पाय कोरडा होता आणि डाव्या पायात बूट तसाच होता. त्याने तो काढला नव्हता. तिनेही काढ म्हटले नाही. तिने त्याला पाव आणि सूप दिले, बेंडिक्टच्या अंथरुणावर झोपू दिले. उजाडल्यावर वादळ शमले आणि तो लंगडत निघून गेला. पुढे त्याच्या डाव्या पायाची बोटे कापावी लागली, असे बार्बलीने बाजारातून ऐकून आणले. "बरं झालं," ती म्हणाली. "तुझ्या तोंडचं मीच म्हणते, तू काही म्हणायची नाहीस." त्या दिवशी मादलेनाला जेवण गेले नाही.

वसंतात मंडळी माळ्यावर प्रभुभोजनासाठी जमली. भोजनाआधी प्रत्येकाला विचारायची त्यांची रीत आहे: देवाशी आणि माणसांशी तुझी शांती आहे का? एकाची जरी नसली तरी भाकर मोडत नाहीत. मंडळीचे प्रमुख तेव्हा निकलाउस म्हणून एक विणकर होते. विचारत विचारत ते मादलेनापाशी आले.

"नाही," ती म्हणाली. आणि जे झाले ते तिने सगळे सांगितले. "एक पाय झाला. दुसरा झाला नाही."

मग तिच्या शेजारी बसलेली काट्री हळूच म्हणाली, "बहिणी, अर्धं तर झालंच आहे. बाकीचं आता तोंडाने म्हणून टाक. देव जोडून घेईल. तुझ्यामुळे सगळ्यांची भाकर अडलीय."

"माझा मुलगा सुटकेसाठी चार शब्द म्हणाला नाही," मादलेना म्हणाली. "म्हणून तो आज या बाकावर नाही. मी कोणत्या तोंडाने म्हणू? मला बाहेर ठेवा. तुम्ही जेवा."

ती उठली आणि शिडीकडे निघाली. तिला बाहेर ठेवणे नियमाला धरून होते. निकलाउसनी तिला जाऊ दिले असते तर कोणी त्यांना नाव ठेवले नसते. मंडळीवाचून मादलेनाला जगात दुसरे कोणी नव्हते, हेही सगळ्यांना माहीत होते.

"बहीण मादलेना, ती काथवट घेऊन ये," निकलाउस म्हणाले.

तिने घरून काथवट आणली. निकलाउसनी तिला बाकावर बसवले. रीतीप्रमाणे हे एखाद्या बहिणीचे काम; पण ते स्वतः खाली बसले, तिच्या उजव्या पायातला मोजा काढला आणि पाय धुऊन पुसला. डाव्या पायाला त्यांनी हात लावला नाही.

"प्रभूने सगळ्या शिष्यांचे दोन्ही पाय धुतले," ते म्हणाले. "आपण प्रभू नाही. जेवढं खरं धुता येतं तेवढं धुऊ. राहिलं ते राहिलंय, हे लपवायला नको. शांती आहे का, या प्रश्नाला या बहिणीने खरं उत्तर दिलं. मला वाटतं भाकर मोडायला तेवढं पुरे आहे."

मग त्यांनी स्वतःचा उजवा पाय पुढे केला. त्या दिवशी माळ्यावर सगळ्यांचे एकेकच पाय धुतले गेले आणि भाकर मोडली गेली. काट्रीने मादलेनाचा हात धरला होता, असे सांगतात. कोणी सांगतात, काट्रीच सर्वांत जास्त रडली. तिच्याही मनात कोणाविषयी तरी काही राहिलेले असेल.

योस्टने तो धंदा सोडला. दर शरदात तो लंगडत येई, मादलेनाची लाकडे फोडून देई, पाव खाई आणि जाई. त्याने पुन्हा विचारले नाही. तिनेही काही सांगितले नाही. पुढे एका शरदात, ती बरीच म्हातारी झाल्यावर, तो यायच्या सुमारास तिने पाणी कोमट करून काथवट चुलीपुढे ओढून ठेवली होती, म्हणे. काही म्हणतात ते पाणी पीठ मळण्यासाठी होते. तिला कोणी विचारले नाही. विचारले असते तर तिने खरे ते सांगितले असते. त्या वर्षी योस्ट आला नाही. खालच्या गावात तो आदल्याच आठवड्यात वारला होता. पाणी निवून गेले.

रेस आजोबा इथे थांबतात आणि गुडघ्यांवर हात ठेवून उठतात. कोणी पाहुणा विचारतो, इतकी वर्षे झाली, छळ संपला, आता तरी दोन्ही पाय का धूत नाही? आजोबा किल्ली खिशात घालतात. "शांती पुरी झाली का, ते दर वर्षी विचारतो आम्ही एकमेकांना," ते म्हणतात. "अजून कोणी हो म्हटलेलं नाही."

आजही रोटमॅटच्या माळ्यावर काथवटीत कोमट पाणी ओततात, माणसे बाकांवर बसतात आणि उजवा मोजा काढून ठेवतात. डावा पाय धुवायचा राहिला आहे.