सखाहरीची दोन पानं

एका गावात एक भोळा जावई होता. गावात शहाणे जावईही होते, पण त्यांच्या गोष्टी कोण सांगतं? याचं नाव सखाहरी. सांगितलेलं तो नीट ऐकायचा आणि ऐकलेलं नीट करायचा. दुखणं तेवढंच.

दिवाळीला तो सासरी आला. बायको शेवंता, तिच्या कडेवर तान्ही ठकी. शेवंताला एकच घोर लागला होता. धाकट्या वैजूला पाहून गेलेली मंडळी सुपारी फोडायला येणार होती, आणि वैजूला मुलगा मनापासून आवडला होता. ‘देवा, तेवढ्यापुरतं यांना शहाणं कर,’ शेवंता मनात म्हणायची. मग तिला वाटायचं, आपण फारच मागतोय. निदान तेवढा वेळ यांना झोप लागू दे.

मेहुणा प्रल्हाद वसतिगृहातून पोकर नावाचा पत्त्यांचा खेळ शिकून आला होता. चिंचोके लावून डाव बसला. सखाहरी प्रत्येक डाव खेळला आणि प्रत्येक डाव हरला.

“दाजी, सगळेच डाव खेळायचे नसतात,” प्रल्हाद म्हणाला. “आधी दोन पानं मिळतात. अंगठ्यानं हळूच कोपरा उचलायचा, बघायचं. हलकी असली की टाकून द्यायची.”

“एवढंच ना?” सखाहरी म्हणाला.

दुपारी पंगत बसली. सखाहरीपुढे केळीचं पान मांडलं, शेजारी सासऱ्यांपुढे दुसरं. त्यानं दोन्हींचा कोपरा अंगठ्यानं उचलून पाहिला. एक आखूड, एक फाटकं.

“हलकी आहेत,” तो म्हणाला आणि दोन्ही गोठ्यात टाकून आला. म्हशीनं खाल्ली.

सासरे म्हणाले, “अहो जावईबापू, पुढ्यात आलेलं पान कधी टाकू नये! पाप लागतं.”

“बरं मामा. नाही टाकणार.”

संध्याकाळी पुन्हा डाव. सखाहरीला दुर्री आणि सत्ती आली, तीही वेगवेगळ्या रंगांची. पोकरमध्ये सुरुवातीला याहून वाईट पानं नसतात. प्रल्हादनं बोली वाढवली. सखाहरी बसलेलाच.

“दाजी, टाका की!”

“पाप लागतं.”

त्याचे चिंचोके संपले. मग त्यानं सासूबाईंच्या बरणीतली चिंच सोलून आणखी आणले. तेही गेले. सासूबाई चिंचेकडे बघत राहिल्या.

प्रल्हादनं कपाळाला हात लावला. “दाजी, सोपं करून सांगतो. जोडी आली तर ठेवा. एकेकटं आलं तर घालवा. विचारच करू नका.”

“विचार नाही करायचा? मग जमेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आबामामा आले. वैजूची सोयरीक जुळवणारे हेच. मामी वारल्यापासून बिचारे एकटेच असतात. सखाहरी दारात आडवा झाला.

“जोडी आहे?”

“कसली जोडी? एकटाच आहे मी.”

“मग निघा.”

आबामामा तडक एसटीच्या थांब्याकडे निघाले. शेवंता ठकीला काखोटीला मारून, चकलीच्या पिठानं भरलेल्या हातांनी मागे धावली आणि पाया पडपडून त्यांना घरी घेऊन आली.

मग तिनं नवऱ्याला समोर बसवलं. ती शिकलेली होती. नियम बिनचूक हवा, हे तिला कळत होतं.

“हे बघा, माणसांचं सोडा. नियम फक्त पानांचा. केळीचं पान असलं तर टाकायचं नाही. बाकी कुठलीही दोन पानं पुढ्यात आली, तर कोपरा उचलून बघायचं. जोडी नसली तर टाकायची. म्हणा बघू.”

सखाहरीनं म्हणून दाखवलं. एक अक्षर चुकलं नाही. शेवंतानं नियम उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. कुठे भोक राहिलंय का? नव्हतं.

दुपारी मुलाकडचे आले. पोहे झाले, चहा झाला. मुलाचे वडील म्हणाले, “आमच्यात मुलीकडच्या थोरल्या जावयानं पानसुपारी उचलायची चाल आहे. त्यानं उचलली, की सोयरीक पक्की.”

तबक सखाहरीपुढे सरकलं. तबकात दोन पानं, वर सुपारी.

शेवंतानं पाहिलं. पानं विड्याची होती. केळीची नव्हती.

“अहो...” तिनं तोंड उघडलं, तोच ठकीनं भोकाड पसरलं.

सखाहरीनं अंगठ्यानं हळूच कोपरा उचलला. एक पान मोठं, एक लहान. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. त्यानं दोन्ही पानं सुपारीसकट अंगणात भिरकावली.

मुलाचे वडील ताडकन उठले. “म्हणजे? मुलगा पसंत नाही?” दाराआड वैजूला रडू फुटलं.

सखाहरीनं नम्रपणे हात जोडले.

“बसा हो, पाहुणे. रागावताय कशाला? एवढा डाव सोडला आम्ही. आता नीट पिसा, आणि दुसरा मुलगा वाटा.”