सावली पायाशी येईपर्यंत

बाळांनो, आणि बाळांच्या आयांनो, खरं सांगा, शेजारणीच्या तुळशीला आज किती पानं फुटली हे तुम्ही कधी गुपचूप मोजलं आहे का?

मोजलं असेल तर लाजू नका. फार फार वर्षांपूर्वी, डोंगराच्या पायथ्याशी कुंभारांचं एक गाव होतं, तिथल्या सगुणानेही मोजलं होतं. तिने पानं नाही, चिमण्या मोजल्या.

सगुणाला पाच वर्षांची एक लेक होती, उमी. मोठी गोड पोर. पण मडक्यावर झाकण ठेवायला सांगितलं, की तिचं झाकण बोटभर बाजूलाच पडायचं. बोलताना ती मान तिरकी करायची. आधी सगळे हसले. मग एके दिवशी ती भरदिवसा उंबऱ्याला अडखळली, आणि सगुणाचं हसू थांबलं.

तिच्या घराला लागून बायजाचं घर होतं. मध्ये फक्त कमरेएवढी मातीची भिंत. बायजाचा भिवा उमीच्याच वयाचा, आणि नवल असं, की त्याचीही तीच तक्रार होती. दोघी आया आपापलं लेकरू घेऊन नदीपलीकडच्या वैद्यबाबांकडे गेल्या.

वैद्यबाबांच्या ओसरीच्या भिंतीवर चिमण्यांच्या सात ओळी रंगवलेल्या होत्या. पहिल्या ओळीतली चिमणी कावळ्याएवढी, तर सातव्या ओळीतली ज्वारीच्या दाण्याएवढी. बाबांनी पोरांचा एकेक डोळा झाकून पाहिला. दोघांचाही उजवा डोळा सातव्या ओळीपर्यंत पोचला. डावा मात्र पहिल्याच ओळीत अडकला.

"डोळा फुटका नाही, आळशी आहे," बाबा म्हणाले. "एक भाऊ राबतो, म्हणून दुसरा बसून खातो. राबणाऱ्याला थोडा वेळ झाकून ठेवायचं, म्हणजे बसलेला उठेल. सकाळी उजव्या डोळ्यावर पट्टी बांधा. पोराची सावली त्याच्या पायाशी आली, की सोडा. तेवढ्या वेळात डाव्याला बारीक काम द्या. आणि दर पौर्णिमेला मला दाखवा."

"किती दिवसांत बरा होईल?" सगुणाने विचारलं.

"ते डोळा ठरवेल. तू नाही, मीही नाही."

सांगायला सोपं, पण पाच वर्षांच्या पोरीला पट्टी बांधून बघा! उमीने पहिली पट्टी पिठाच्या डब्यात लपवली. दुसरी वासराच्या शिंगाला बांधली. तिसऱ्या दिवशी ती जमिनीवर लोळण घेऊन रडली, "आये, मला काही दिसत नाही गं!" गल्लीतली पोरं "एकडोळी, एकडोळी" म्हणून मागे लागली. सगुणाने जुन्या लुगड्याचे काठ कापून लाल, हिरव्या, जांभळ्या पट्ट्या शिवल्या. रोज सकाळी उमीने रंग निवडायचा, मग बसून मातीतले खडे वेचायचे. हळूहळू पोर रुळली. सावली पायाशी आली, की स्वतःच ओरडायची, "आये, आली!"

पहिली पौर्णिमा आली. उमीचा डावा डोळा दुसऱ्या ओळीपर्यंत गेला, भिवाचा तिसऱ्या.

परतताना बायजा सारखी बोलत होती. "बघ गं सगुणे, माझा भिव्या तिसरीवर! मला वाटलंच नव्हतं."

"चांगलं झालं हो," सगुणा म्हणाली. पण तिच्या पोटात असं काही दुखलं, की घरी येऊन ती न जेवताच झोपली.

तेव्हापासून तिची नजर त्या मातीच्या भिंतीपलीकडे राहू लागली. बायजा पोराला काय खाऊ घालते? शेवग्याची भाजी? मग इकडेही रोज शेवगा शिजू लागला. बायजाने पोराच्या भाकरीवर तूप घातलं, की इकडे दुप्पट पडायचं. बायजा हसली, की सगुणाला वाटायचं, मलाच हसली.

दुसऱ्या पौर्णिमेला उमी तिसऱ्या ओळीवर गेली. बाबांनी तिच्या पाठीवर थाप दिली. "शाब्बास गं पोरी!" पण सगुणाने तिकडे लक्षच दिलं नाही. तिला एवढंच ऐकू आलं, की भिवा चौथीवर गेला.

त्या संध्याकाळी चूल फुंकताना तिच्या मनात आलं, अर्धा दिवस पट्टी बांधून पोर एक ओळ चढते, तर दिवसभर बांधली तर दोन चढेल. भिव्याच्या पुढे जाईल.

दुसऱ्या दिवशी दुपारी उमी अंगणातून ओरडली, "आये, सावली आली! सोड."

"नाही आली अजून."

"आली गं, माझ्या पायाशी आहे."

"तुला नीट दिसत नाही. मी सांगते ना, नाही आली!"

उमी खाली बघत राहिली. आई म्हणते म्हणजे नसेलच आली, असं तिला वाटलं. पण रोज रोज हे खोटं कोण सांगत बसणार? म्हणून सगुणाने तिचं खडे वेचायचं सूप आतल्या खोलीत, खिडकीखाली नेऊन ठेवलं. तिथे सावली पडत नव्हती. पट्टी सुटायची ती दिवेलागणीला, हातपाय धुऊन पोर झोपायला जायची तेव्हा.

बायजाने भिंतीवरून हाक मारली, "अगं सगुणे, उमीला अजून पट्टी? सावली केव्हाच सरली की!"

"तू तुझ्या भिव्याचं बघ ना."

"बाबांनी सांगितलं होतं म्हणून म्हटलं."

"कळतंय मला! माझी पोर पुढं जाईल, म्हणून पोटात दुखतंय तुझ्या!"

बायजाचा चेहरा उतरला. ती घरात निघून गेली. दोघींचं बोलणं थांबलं.

पुढच्या पौर्णिमेला वैद्यबाबा दूरच्या गावी गेले होते. एकाचे दोन महिने झाले, आणि दोन्ही महिने उमी आतल्या खोलीत बसली.

बाबा परतले तेव्हा दोघी आया एकाच वाटेने, पण वीस पावलांचं अंतर ठेवून गेल्या. आधी भिवाला तपासलं. तो पाचवीवर होता. मग उमी उभी राहिली. चौथी ओळ झाली. पाचवी झाली. मग अडखळत, बोटाने हवेत मोजत, तिने सहावीतल्याही चिमण्या सांगितल्या.

सगुणाने मान वळवून बायजाकडे पाहिलं. किती दिवस ती या एका क्षणाची वाट बघत होती!

बाबांनी पट्टी उचलून उमीच्या डाव्या डोळ्यावर ठेवली. "आता आपला राबणारा भाऊ. सांग बाळ, सातवी ओळ."

उमी डोळा बारीक करून भिंतीकडे बघत राहिली.

"बरं, सहावी?"

उमीने मान तिरकी केली. उघडा डोळा चोळला. मग हळूच म्हणाली, "बाबा, चिमण्या उडून गेल्या."

चौथ्या ओळीच्या पुढे उजव्या डोळ्याला काही दिसेना.

"पट्टी केव्हा सोडत होतीस?" बाबांनी विचारलं.

उत्तर उमीनेच दिलं, अगदी साधेपणाने, "आमच्या घरात सावली येतच नाही, बाबा."

सगुणा उमीपाशी बसली. तिने लेकीला पोटाशी धरलं आणि रडत म्हणाली, "येत होती गं बाई. रोज येत होती. मीच खोटं बोलले."

बाबा रागावले नाहीत, पण हसलेही नाहीत. "एका भावाला उठवण्याच्या घाईत तू दुसऱ्याला झोपवलंस. वेळेवर आलीस म्हणून तो परत उठेल. महिनाभर पट्टी नको. दोन्ही डोळे उघडे ठेव, बाहेर खेळू दे. मग पुन्हा पहिल्यापासून, आणि मी सांगेन तेवढंच. या डाव्याच्याही एकदोन ओळी जातील. ते सोसावं लागेल."

आता बायजा टोमणा मारील, असं सगुणाला वाटलं. बायजा जवळ येऊन बसली. पदराने उमीचं नाक पुसत म्हणाली, "माझ्याही पोटात दुखायचं गं, अगदीच खोटं नव्हतं ते. तुझी उमी शहाण्यासारखी खडे वेचत बसते, आणि हा मेला तेच खडे कोंबड्यांना मारतो! मी रोज भिंतीवरून बघायची आणि याला धपाटे घालायची."

"मला दोनदाच लागलेत," भिवा म्हणाला. रडता रडता सगुणाला हसू आलं.

परतताना दोघी बरोबर चालल्या. वाटेत सगुणाने बोटांवर हिशेब मांडला, आणि तिला पहिल्यांदाच कळलं, की सांगितलं तेवढंच केलं होतं तेव्हा उमी पहिलीवरून दुसरीवर आणि दुसरीवरून तिसरीवर गेली होती. पोर चढत होती. आईच दुसरीकडे बघत होती.

म्हणून बाळांनो, आणि बाळांच्या आयांनो, एवढं लक्षात ठेवा: शेजारच्या लेकराच्या मापाने आपलं लेकरू मोजू लागलं, की आपल्याच लेकराची वाढ आपल्याला दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणाने लाल, हिरव्या, जांभळ्या पट्ट्या महिन्याने लागतील म्हणून धुऊन दोरीवर वाळत घातल्या, उमीचं सूप उचलून अंगणात आणलं, आणि सावली पायाशी येईपर्यंत लेकीशेजारी बसून खडे वेचले.