बुजगावण्याचे कुसुंबी उपरणे

कौमुदीचा सण चार दिवसांवर आला होता, तेव्हा पूर्णक नावाचा उपासक कापडाचा गठ्ठा घेऊन जेतवनात आला आणि शास्त्यांसमोर बसून कुरकुरू लागला, "भंते, सुमना माझी सख्खी बहीण. तिला दर सणाला असं काही धाडतो. इतक्या वर्षांत 'पोचलं' एवढासुद्धा निरोप नाही. पालथ्या घड्यावर पाणी! हा गठ्ठा पाठवू की नको?"

शास्ते म्हणाले, "उपासका, आधी एका रंगाऱ्याची गोष्ट ऐक." आणि त्यांनी ही कथा सांगितली.

पूर्वी काशीनगरीत एक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या एका रंगाऱ्याचा थोरला मुलगा होऊन जन्मला होता. करडईच्या फुलांपासून लाल कुसुंबी रंग काढावा तर याच घराने. इतरांच्या हंड्यातून फार तर नारिंगी निघे. कौमुदीला राजवाड्यातली सगळी माणसे कुसुंबी नेसत, आणि ते सारे काम बोधिसत्त्वाकडे येई. त्या रंगाची रीत बापाने मरताना थोरल्याच्या कानात सांगितली होती. "एकालाच सांगायची. दोन घरी गेली की दोन्ही घरं उपाशी," असा त्या घराचा दंडक होता.

तिष्य नावाचा धाकटा भाऊ त्यानंतर घर सोडून गेला. चार दिवसांच्या वाटेवर, रानाच्या कडेला एका खेड्यात तो राळा पेरून राही. बोधिसत्त्वाचा त्याच्यावर फार जीव. दर कौमुदीला तो आपल्या हातचे सर्वांत उजळ उपरणे गाडीवानाबरोबर धाडी. बारा वर्षे धाडले. तिकडून हूं की चूं नाही.

बाराव्या वर्षी गाडीवान परत आला तो मान खाली घालून. "धनी, सांगू नये, पण सांगतो. तुमचं उपरणं धाकट्या धन्यांच्या शेतात बुजगावण्याच्या अंगावर आहे."

बोधिसत्त्वाची बायको भद्रिका आतून बाहेर आली. "ऐकलंत? राजाच्या अंगावरचं कापड लाकडाच्या काठीला! अहो, गाढवाला गुळाची चव काय? आता एक चिंधी गेली या घरातून तर माझ्याशी गाठ आहे."

 बोधिसत्त्वाला राग आला नव्हता असे कोण म्हणेल? आलाच होता. पण रागापेक्षा त्याला भीती वाटली. आता आपले केस पिकले; भाऊ असाच तुटलेला राहिला, तर मरताना आपण कोणाला हाक मारायची? दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने भाकरी बांधून घेतली आणि तो निघाला.

चौथ्या दिवशी दुपारी तो शेताशी पोचला. बुजगावणे उभे होतेच. कुसुंबी रंगाला ऊन सोसत नाही. उपरण्याचा रंग पार विटका गुलाबी झाला होता. बोधिसत्त्वाने ते हातात धरले, तर त्याचा एक कोपरा वीतभर कापलेला. फाटलेला नव्हे, नीट सुरीने कापलेला.

मागून आवाज आला, "दादा?"

तिष्य वाळला होता.  काहीतरी बोलायचे म्हणून बोधिसत्त्व म्हणाला, "पाखरं भितात का रे याला?"

"दोन दिवस भ्याली. आता त्याच्याच खांद्यावर बसून कणसं खातात."

दोघांनाही हसू आले आणि त्या हसण्यानेच दोघे अवघडले. तिष्याने त्याला घराकडे नेले. परसात भिंतीला लागून बारा गाडगी ओळीने मांडली होती. प्रत्येकात करडईची कुजलेली फुले, आणि काठावर वीतभर कापडाचा तुकडा. कुठल्यात नारिंगी पाणी, कुठल्यात तपकिरी. लाल एकातही नव्हते.

बोधिसत्त्वाने विचारले, "हे काय?"

तिष्य आधी सांगेना. मग एकदम भडभडून बोलला. "तुझं उपरणं आलं की एक कोपरा कापतो. उकळतो, चाखतो, वास घेतो. कशाने लाल होतं ते सापडतं का बघतो. बारा वर्षं झाली, नाही सापडलं! मी रंगाऱ्याचा मुलगा, दादा, आणि राळा राखतो. बाबांच्या शेवटच्या दिवशी तू मला म्हणालास, जा, पाणी घेऊन ये. मी घागर भरून आणली, तर दार आतून लावलेलं. तेव्हाच कळलं. घागर उंबऱ्याशी ठेवली नि निघालो. आणि तू दर वर्षी तोच रंग मला धाडतोस. तो अंगावर कसा घालू, सांग?"

बोधिसत्त्व गाडग्यांपाशी खाली बसला. त्याला वाटत होते आपण भावाला आपले सर्वांत चांगले देतो. पण दिले ते आपल्या घरात उतू जात होते. ज्याच्यासाठी भाऊ झुरला, ते मुठीत घट्ट धरून आपण बारा वर्षे आभाराची वाट पाहिली. त्या वेळी त्याच्या तोंडून ही गाथा निघाली :

भूक एके दारी, ताट दुजे दारी,
वाढपी विचारी, "गोड झाले?"

मग त्याच्या मनात बापाचा शब्द आला, राजवाड्याचे काम आले, घरी भद्रिका काय म्हणेल तेही आले. रीत एकदा सांगितली की परत घेता येत नाही. त्याने पुन्हा त्या बारा गाडग्यांकडे पाहिले.

शेवटी उठून म्हणाला, "तिष्या, जा, पाणी घेऊन ये. या वेळी दार उघडं आहे."

तिष्य घागर घेऊन धावतच ओढ्यावर गेला. आल्यावर बोधिसत्त्वाने घरातल्या सुक्या फुलांची पुरचुंडी बांधून ती त्याच्याच हाती दिली. "धूत राहा. पिवळं पाणी येतं ना, ते सगळं वाहून जाऊ दे. सगळे तिथंच चुकतात, आधी निघतं त्यालाच रंग समजतात. पिवळं पुरतं संपलं की मग आघाड्याच्या राखेचं पाणी, आणि शेवटी चिंचेचं. बघ आता."

चिंचेचे पाणी पडले आणि गाडग्यात लाल उतरले. तिष्याने तोंडावर हात धरला आणि तो लहान मुलासारखा रडला.

काम हातचे जाईल ही भद्रिकेची भीती काही खोटी नव्हती. तिष्याच्या ओढ्याचे पाणी गोडे होते, त्यात रंग जास्तच खुलला. राजवाड्याचे निम्मे काम वर्षाच्या आत तिकडे गेले. भद्रिका दोन महिने नवऱ्याशी नीट बोलली नाही.

पुढच्या कौमुदीला सकाळीच गाडीवानाने एक बोचके आणून ओसरीवर ठेवले. आत उपरणे होते, काशीत कोणी पाहिले नव्हते इतके लाल.

"काही निरोप?" भद्रिकेने विचारले.

"नाही बाई. 'दादाला दे', एवढंच म्हणाले."

भद्रिकेने उपरणे उलगडून एकेक कोपरा चाचपून पाहिला. चारही शाबूत होते. तिने ते नवऱ्याच्या खांद्यावर घातले.

एवढी कथा सांगून शास्ते म्हणाले, "उपासका, त्या वेळची भद्रिका म्हणजे आज तुझी बहीण सुमना. थोरला भाऊ मी होतो. आणि निरोप न धाडता बुजगावण्याला उपरणे घालणारा तिष्य, तो तूच."

पूर्णकाची मान खाली गेली. त्याने विचारले, "भंते, मग सुमनेला काय हवं असेल?"

"ते मला काय विचारतोस?" शास्ते म्हणाले. "आपल्याजवळ फार झालेले देतो तो भला माणूस. समोरच्याची भूक ओळखून आपण राखून ठेवलेले देतो, त्याचे दान पूर्णत्वाला पोचते; हीच दानपारमिता."

पूर्णकाने गठ्ठा तिथेच भिक्षुसंघाला दिला. त्या कौमुदीला तो पहिल्यांदाच रिकाम्या हातांनी, स्वतः, बहिणीच्या गावी गेला.