गुरुवारची रिकामी ओपीडी

“पण बरी झालेली मुलं परत का येत नाहीत, आत्याबाई?”

डॉक्टर सुहास काळमेघ चपला काढता काढताच विचारत आला. नमस्कार नंतर केला.

आत्याबाई म्हणजे आमच्या पूर्णाकाठच्या मठातल्या वृद्ध संन्यासिनी. सुहास लहानपणी त्यांच्याच हाताखाली शिकला, मग शहरात जाऊन कॅन्सरचा डॉक्टर झाला. मोठा झाला, पण घाई काही सुटली नाही.

त्या वेळी आत्याबाईंसमोर एक मुलगी बसली होती. विशीची असेल, पाठीवर जाड वेणी. तिनं नुकतं कुठे तोंड उघडलं होतं... रविवारी पाहुणे बघायला येणारेत, आणि... तेवढ्यात हा आला नि ती गप्प झाली. मी कोपऱ्यात वाती वळत होते. मला त्याचा रागच आला.

“बोल,” आत्याबाई त्याला म्हणाल्या.

तो बोलतच सुटला. कॅन्सरमधून उठलेल्या तरुण मुलामुलींसाठी त्यानं दर गुरुवारी वेगळी ओपीडी सुरू केली होती. हृदय तपासायचं मशीन आणलं, नर्स नेमली, घरोघर फोन केले. सगळे हो म्हणतात आणि कुणी फिरकत नाही. आजार गेला की सुटलो, असं वाटतं या पोरांना. पण ज्या औषधानं जीव वाचतो तेच पुढे काही वर्षांनी हृदय थकवू शकतं, वेळेवर तपासलं तर सांभाळता येतं, हे कुणी समजूनच घेत नाही.

मग त्याचा आवाज उतरला. एक मुलगी होती, म्हणाला. सोळाव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर. आशा कुणालाच नव्हती, यानं जगवली. गेली दोन वर्षं तिच्या हृदयाची तपासणीच झालेली नाही.

नाव त्यानं घेतलं नाही, तेवढी शिस्त होती. रिपोर्ट मात्र तोंडपाठ, तेही म्हणून दाखवले. पण त्याची भीती खरी होती. ती दिसली तसा माझा राग जरा निवळला.

“आली की काय विचारतोस तिला?” आत्याबाईंनी विचारलं.

“धाप लागते का, जेवण जातं का, वजन किती.”

“सांगतं कोण?”

“आई. आईला सगळं माहीत असतं.”

“आणि ती?”

“ती... असते की शेजारी.”

आत्याबाईंनी मुलीकडे मान वळवली.

“तुला काय वाटतं गं? का येत नसेल?”

सुहासला ते रुचलं नाही. ताई, हा जरा वैद्यकीय विषय आहे, असं काहीसं तो मवाळपणे म्हणाला.

मुलगी त्याच्याकडेच बघत होती. तो आल्यापासून बघत होती, हे माझ्या आत्ता लक्षात आलं.

“तिला विचारायचं असेल,” ती म्हणाली, “लग्न ठरताना हे सांगायचं की लपवायचं. मूल होईल का. आईच्या देखत कसं विचारणार?”

“त्याचीही सोय आहे आमच्याकडे. तिनं विचारलं असतं तर...”

“तेच विचारायला आली होती. तुम्ही आईला विचारलंत, हल्ली जेवते का नीट. मग म्हणालात, छान, पुढच्या वर्षी या.”

सुहास चमकला.

“तुम्ही ओळखता तिला?”

मुलीला हसू आलं आणि डोळेही भरले. तिनं ओढणी बाजूला केली, कुडत्याचा गळा बोटभर खाली ओढला. गळ्याच्या हाडाखाली एक बारीक व्रण होता. औषधं सोडायची नळी बसवतात, तिथला.

सुहास बसल्या जागेवरून पुढे सरकला. ओळख पटायला त्याला क्षणही लागला नाही.

“धनश्री...” तो म्हणाला. आणि लगेच सुरू झाला. तपासणीला का नाही आलीस, धाप लागते का, जिना चढताना छातीत काही होतं का... नजर त्या व्रणावरून हलत नव्हती.

आत्याबाई वाकल्या. त्याच्या हनुवटीखाली दोन बोटं धरली आणि त्याचं तोंड हळूच वर उचललं, मुलीच्या डोळ्यांसमोर येईपर्यंत.

“हं,” त्या म्हणाल्या. “आता विचार.”