आतड्याचं दार

“...मग हाडं का झिजतात, महाराज?”

रक्ततपासणीचा कागद हातात धरून प्रभातनाथ विचारत होता. मठात येण्यापूर्वी तो डॉक्टर होता. अंगावर भगवं चढलं, तरी डॉक्टरकी काही उतरली नव्हती.

केवळनाथ महाराजांनी ऐंशी ओलांडली होती. मांडीचं हाड एकदा मोडून सांधलं होतं. पुन्हा पडले तर उठणार नाहीत, या भीतीनं शिष्याची झोप उडाली होती.

त्यानं सगळं सांगून टाकलं. रोज उन्हात बसवतो, नाचणी देतो, ड जीवनसत्त्वाचे थेंब देतो. रक्तात ते भरपूर आहे. पण त्याची हाक ऐकून आतड्यानं कॅल्शियम आत घ्यायचं असतं, आणि म्हातारं आतडं हाकेला ओ देत नाही.

“मात्रा दुप्पट करतो. कसं ऐकत नाही बघू.”

महाराजांनी झोळी पुढे केली. खालच्या वाडीतून भिक्षा आण म्हणाले.

वाडी कधीच उठून गेली होती. घरं उघडीबोडकी पडली होती. एकच दार आतून लावलेलं होतं.

मठाचा नियम असा, की दारात एकदाच हळू आवाजात ‘अलख’ म्हणायचं आणि उभं राहायचं. प्रभातनाथानं म्हटलं.

आत पावलं घासत येऊ लागली... फार हळू.

त्याला कुठला धीर? तो मोठ्यानं ओरडला. पावलं थांबली. तो आणखी मोठ्यानं ओरडला.

आत भांडं पडलं. मग काहीच नाही.

त्यानं फटीतून पाहिलं. चुलीत गवत उगवलं होतं. घरात कोणी नव्हतं. जमिनीवर मात्र पीठ सांडलं होतं, नुकतंच दळलेलं.

तो रिकामी झोळी घेऊन परतला. तो काही सांगायच्या आतच महाराजांनी त्याचं डोकं जवळ ओढून आपल्या पोटावर टेकवलं.

आत पावलं घासत होती. तीच.

“महाराज... कोण आहे आत?”

महाराजांनी त्याच्या केसांवरून हात फिरवला.

“दार उघडणारी एकटीच उरलीय रे. येतेय... ओरडू नकोस. पुन्हा पीठ सांडेल.”